पुन्हा फॉर्म भरलास?

आपल्या हॉस्टेलच्या मेसमध्ये एखादी बातमी पसरायला किती वेळ लागतो? माझा अनुभव सांगते. पहिली पोळी ताटात पडल्यापासून दुसरी पडेपर्यंत! 2024 साली, सेकंड इयर नुकतंच सुरू झालं होतं, तेव्हा मी बेंगळुरूहून एसएसबी देऊन परत आले. त्या रात्री जेवायला बसले तर चार टेबलं पलीकडून आवाज आला, "काय कॅप्टन, या वेळी पण नाही का?" सगळे हसले. मीही हसले. त्यात वाईट वाटण्यासारखं काही नव्हतं, आपण एकमेकांच्या केटीवर पण असंच हसतो. पण मग शेजारी बसलेल्या मैत्रिणीने हळूच विचारलं, "आता तरी सोडशील ना गं हे? की पुन्हा फॉर्म भरणार?"

त्या 'पुन्हा' या एका शब्दावर हा लेख आहे. (माझी शाळा कॉन्व्हेंट, मराठी आजीकडून शिकलेलं. तेव्हा चुका संपादक मंडळाने पोटात घालाव्यात ही विनंती.)

ज्यांच्यासाठी एनडीए म्हणजे फक्त खडकवासल्याच्या रस्त्यावर लागणारं मोठं गेट आहे, त्यांच्यासाठी आधी थोडी माहिती. नॅशनल डिफेन्स अकादमीची लेखी परीक्षा यूपीएससी वर्षातून दोनदा घेते. गणित 300 मार्कांचं, जनरल ॲबिलिटीचा पेपर 600 मार्कांचा. त्यात पास झालात की पाच दिवसांचा एसएसबी इंटरव्ह्यू, त्याला 900 मार्क. म्हणजे दोन्ही पेपर मिळून जेवढं वजन, तेवढंच वजन तुम्ही माणूस म्हणून कसे आहात याला. वयाची अट साधारण साडेसोळा ते साडेएकोणीस. याचा सरळ अर्थ असा की बारावीत ज्याचं झालं नाही त्याला फर्स्ट इयरला कॉलेज करता करता पुन्हा प्रयत्न करता येतो. एकदा नाही म्हटलं की कायमचं नाही, असं कुठल्याही नियमात लिहिलेलं नाही.

मुलींसाठी तर हे दारच नवीन आहे. ऑगस्ट 2021 मध्ये सुप्रीम कोर्टाने मुलींना एनडीएच्या परीक्षेला बसू द्या असा अंतरिम आदेश दिला, तेव्हा मी अकरावीत होते. त्याच नोव्हेंबरमध्ये मुलींनी पहिल्यांदा तो पेपर दिला. 1002 मुली लेखी परीक्षा पास झाल्या आणि जागा होत्या 19! हे आकडे मी तेव्हा अभ्यासाच्या टेबलासमोर चिकटवले होते. आई म्हणायची, "हे वाचून तुला धीर येतो की भीती वाटते?" दोन्ही.

आपल्या हॉस्टेलच्या गच्चीवरून पाऊस नसेल तेव्हा सिंहगडावरचा टीव्ही टॉवर दिसतो. त्याच बाजूला खडकवासल्याचं पाणी आणि पाण्याच्या कडेला अकादमी. बसने गेलं तर तासाभराचा रस्ता. पण मला तिथे पोचायचं होतं ते भोपाळमार्गे!

पहिल्या वेळी, 2023 मध्ये, झेलम एक्स्प्रेसने भोपाळला गेले. तेव्हा आपल्या कॉलेजात येऊन मला जेमतेम महिना झाला होता. एसएसबीच्या पहिल्या दिवशी स्क्रीनिंग असतं. बुद्धिमत्तेचे प्रश्न, मग एक धूसर चित्र अर्धा मिनिट दाखवतात, त्यावर गोष्ट लिहायची आणि ग्रुपमध्ये बसून तिच्यावर चर्चा करायची. चर्चा कसली, आमच्या ग्रुपमध्ये सगळ्या एकदम बोलत होत्या आणि मी सगळ्यात जोरात बोलत होते. दुपारी चेस्ट नंबर वाचून दाखवले. माझा नव्हता. संध्याकाळी मी स्टेशनवर होते. पाच दिवसांची बॅग भरून नेली होती, त्यातले इस्त्रीचे कपडे तसेच घडी न मोडता परत आले.

डिसेंबरमध्ये पुढचा फॉर्म निघाला. पहिल्या सेमची सबमिशन्स चालू, जर्नल अपूर्ण, ग्राफिक्सच्या शीट्स बाकी, आणि मी रात्री एक वाजता रूममेटच्या लॅपटॉपवर फॉर्म भरला. घरी दोन दिवसांनी सांगितलं. आई एवढंच म्हणाली, "अगं, भर. पण इंजिनिअरिंग पण कर."

ते 'पण कर' मी ऐकलं नाही. खरं म्हणजे या लेखात मला कबूल करायचं आहे ते हेच.

त्या वर्षी मी कॉलेजात होते पण कॉलेजात नव्हते. माझ्या डोक्यात एकच, मी इथे थोड्या दिवसांची पाहुणी आहे. मग कशाला कुणाशी मैत्री करायची? गॅदरिंगला मी घरी गेले. टेक्निकल फेस्टमध्ये नाव दिलं नाही. लॅबमध्ये आमच्या बॅचची रीडिंग्ज दुसऱ्यांनी घेतली, मी उतरवून काढली. सुट्टीत एसएसबीच्या क्लासला गेले, तिथे तयार वाक्यं मिळाली. हा शब्द आला की हे लिहायचं, लीडरशिप विचारली की हा प्रसंग सांगायचा. ग्राफिक्समध्ये केटी लागली तेव्हा मी म्हटलं, जाऊ दे, मला कुठे इंजिनिअर व्हायचंय!

रेल्वेच्या वेटिंग रूममध्ये माणूस जसा बसतो ना, बॅग मांडीवर धरून, बूट न काढता, तशी मी अख्खं फर्स्ट इयर बसले.

दुसऱ्या वेळी बेंगळुरू. या वेळी स्क्रीनिंगमधून पुढे गेले, पाचही दिवस राहिले. तिथे सुरुवातीला एक फॉर्म भरून घेतात, त्यात या आधी किती वेळा आलात, कुठे आलात, हे विचारलेलं असतं. मला वाटलं होतं तिथे 'एक वेळा' लिहिलं की आपले मार्क जाणार. तसं काही झालं नाही. इंटरव्ह्यू घेणाऱ्या सरांनी ते वाचलं आणि अगदी साधेपणाने विचारलं की मग मधल्या वर्षात काय केलं?

प्रश्न जसाच्या तसा सांगत नाही, सांगूही नये. पण रोख असा होता: कॉलेजात काय करतेस, मित्रमैत्रिणी कोण, कुठला विषय आवडतो, कुठला राहिला आणि का राहिला, ग्रुपमध्ये तुझं काम काय असतं. कुठल्याही क्लासमध्ये न शिकवलेले, कुणालाही उत्तर देता येईल असे प्रश्न. आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी पाठ केलेला एक लीडरशिपचा प्रसंग सांगायला लागले. तो अकरावीतला होता. सरांनी शांतपणे ऐकून घेतला आणि विचारलं, त्यानंतर?

त्यानंतर काही नव्हतं हो.

पाचव्या दिवशी कॉन्फरन्स झाली. आमच्या बॅचमधून दोघींचे नंबर वाचले. त्यातली एक नागपूरची, चौथ्यांदा आलेली. ती तिकडे बीएस्सी करत होती, कॉलेजच्या खो-खो टीमची कॅप्टन होती आणि धाकट्या भावाचा अभ्यास घेत होती. पाच दिवस आम्ही एकाच डॉर्मिटरीत होतो. ती एकदाही म्हणाली नाही की मी कॉलेजात टाइमपास करते. तिला सगळ्या विषयांवर बोलता येत होतं, कारण ती जिथे होती तिथे पूर्ण होती.

परतीच्या उद्यान एक्स्प्रेसमध्ये मला अजून एक गोष्ट कळली, जी नियमात आधीपासून छापलेली होती. पहिल्या वेळी एसएसबीला जाता तेव्हा येण्याजाण्याचं रेल्वेचं भाडं सरकार देतं. त्याच प्रकारच्या कमिशनसाठी पुन्हा गेलात तर देत नाही. आधी मला याचा राग आला. मग विचार केला, यात काय चुकीचं आहे? ते तुम्हाला 'येऊ नका' म्हणत नाहीत. या, पण आता स्वतःच्या खर्चाने या, असं म्हणतात. आणि मी जो खर्च केला तो फक्त तिकिटाचा नव्हता, अख्ख्या एका वर्षाचा होता. तो उगाच केला.

म्हणून माझं मत आता असं झालंय. पुन्हा फॉर्म भरणं यात लाजण्यासारखं काहीच नाही. पण त्याच माणसाने तोच फॉर्म पुन्हा भरला तर उत्तर वेगळं का यावं?

आमचं मूळ गाव साताऱ्याकडे. तिथे पहाटे रस्त्यावर मुलं पळताना दिसतात, भरतीची तयारी करणारी. माझा चुलतभाऊ दोनदा भरतीत बाद झाला. गावात कुणी त्याला चिडवलं नाही. "पुढच्या वेळी छाती जरा फुगव रे," एवढंच. आणि तो सकाळी पळायचा, दिवसभर शेतात असायचा, संध्याकाळी ट्रॅक्टर दुरुस्त करायचा. त्याचं थांबलेलं काहीच नव्हतं. मग इथे, एवढ्या शिकलेल्या मुलामुलींच्या हॉस्टेलमध्ये, दुसरा प्रयत्न म्हणजे जोक का होतो? कॅट दोनदा दिली तर चालते, गेटसाठी एक वर्ष ड्रॉप घेतला तर "सीरियस आहे" म्हणतात. एसएसबीला दुसऱ्यांदा गेलं की मात्र "हिला अभ्यास नको असेल". असं का?

आता दुसरी बाजू. आपल्याच एका सरांनी मला स्पष्ट विचारलं होतं, "तू फर्स्ट इयर करून निघून गेलीस तर इथली एक सीट रिकामी राहणार. ज्या मुलीला ती मिळाली नाही तिचं काय?" याला माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हतं आणि आजही पूर्ण नाही. प्रश्न खरा आहे. एनडीएत निवड झाली तर इंजिनिअरिंगचं एक वर्ष तिथे मोजलं जात नाही, पहिल्यापासून सुरुवात. म्हणजे माझंही वर्ष जातं आणि सीटही जाते. मी एवढंच म्हणू शकते की अठराव्या वर्षी माणसाला एकाच वेळी दोन दारं ठोठवावी लागतात, कारण कुठलं उघडेल हे माहीत नसतं. पण ज्या दारातून आत आलोय तिथे नुसतं उंबरठ्यावर बसून राहिलो तर मात्र ती सीट खरंच वाया गेली, आपण निघून न जाताही. सर, माझ्या हातून पहिल्या वर्षी ते झालं. तुमचा प्रश्न बरोबर होता.

कलाम सरांची गोष्ट आपल्याकडे प्रत्येक फ्रेशर्स पार्टीत कोणी ना कोणी सांगतंच. एअर फोर्सच्या डेहराडूनच्या निवडीत 25 जणांत त्यांचा नववा नंबर आला आणि जागा आठ होत्या. सांगणारे ती धीर द्यायला सांगतात, की बघा, पुढे केवढे मोठे झाले. मला त्यातली दुसरीच गोष्ट महत्त्वाची वाटते. डेहराडूनला जायच्या आधी ते दिल्लीला संरक्षण खात्यातल्या तांत्रिक नोकरीचा इंटरव्ह्यू देऊन आले होते. आणि हातात एरोनॉटिकल इंजिनिअरिंगचं शिक्षण होतं, उरकलेलं नाही, नीट केलेलं. एक दार बंद झालं तेव्हा दुसऱ्या दारात उभं राहायची त्यांची तयारी होती. ती तयारी आधी झालेली होती, नंतर नाही.

अमेरिकेत वेस्ट पॉइंटसारख्या अकादम्यांना वयाची तेविशी पूर्ण होईपर्यंत अर्ज करता येतो. तिथे एक वर्ष साध्या कॉलेजात काढून पुन्हा अर्ज करणारी मुलं असतात. कॉलेजातलं ते वर्ष कसं गेलं हे बघितलं जातं, आणि निवड झाली की बाकीच्यांबरोबर पहिल्या वर्षापासून सुरुवात. दुसऱ्या महायुद्धातला प्रसिद्ध जनरल पॅटन 1903 मध्ये आधी व्हर्जिनिया मिलिटरी इन्स्टिट्यूटमध्ये गेला, एक वर्ष तिथे शिकला आणि 1904 मध्ये वेस्ट पॉइंटला पोचला. तिथे गणितात मागे पडला म्हणून त्याला पहिलं वर्ष पुन्हा करावं लागलं. म्हणजे जनरल पॅटनला पण आपल्या भाषेत इयर डाऊन! तरी 1909 मध्ये तो बाहेर पडला तो ऑफिसर होऊनच. ग्राफिक्सवाल्यांनी एवढं लक्षात ठेवायला हरकत नाही.

आता थोडं कॉलेजच्या प्रशासनाला, नम्रपणे पण स्पष्ट. एसएसबीला जाऊन येऊन माझे आठ दिवस गेले. कॉल लेटर दाखवलं होतं, तारखा त्यावर छापलेल्या होत्या. तरी परत आले तेव्हा मी डिफॉल्टर लिस्टमध्ये, आणि त्या आठवड्यातली युनिट टेस्ट शून्य. एका सरांनी सांगितलं की नियमात बसत नाही. वर्कशॉपच्या काकांनी मात्र काही न बोलता शनिवारी दुपारी माझा जॉब करून घेतला, त्यांचे आभार इथे मानते. माझी मागणी मोठी नाही. युनिव्हर्सिटीच्या मॅचला किंवा एनसीसीच्या कॅम्पला गेलेल्या मुलांना जशी हजेरी मिळते, तशी एसएसबीच्या कॉल लेटरवर मिळावी आणि राहिलेली युनिट टेस्ट पुन्हा घ्यावी. नियमावलीत एका ओळीची भर, बस्स. ती ओळ नसल्यामुळे मुलं खोटं मेडिकल सर्टिफिकेट आणतात. ऑफिसर व्हायला निघालेल्या मुलाची सुरुवात खोट्या सर्टिफिकेटने व्हावी, हे कुणाला तरी पटतं का?

आणि जे हॉस्टेलवर गुपचूप फॉर्म भरतात (तुम्ही आहात, मला माहीत आहे, पहाटे ग्राउंडवर दिसता!), त्यांच्यासाठी थोडं कामाचं. साडेएकोणीस झालं म्हणजे सगळं संपलं असं समजू नका. फायनल इयरला सीडीएस देता येते. मुलांसाठी डेहराडूनची आयएमए, नेव्हीची एळिमला, एअर फोर्सची हैदराबाद, आणि मुलं-मुली दोघांसाठी चेन्नईची ओटीए. एअर फोर्ससाठी ॲफकॅट आहे. आपण इंजिनिअर असल्यामुळे आर्मीच्या टेक्निकल एन्ट्री आहेत, वय 20 ते 27: मुलांसाठी टीजीसी, मुलं-मुली दोघांसाठी एसएससी टेक. त्यांना लेखी परीक्षा नाही, इंजिनिअरिंगच्या मार्कांवर यादी लागते आणि मग थेट एसएसबी. पुन्हा वाचा: इंजिनिअरिंगच्या मार्कांवर! एनसीसीचं 'सी' सर्टिफिकेट चांगल्या ग्रेडने असेल तर त्यांच्यासाठीही लेखी परीक्षेशिवाय वेगळी एन्ट्री आहे. फक्त पायलटची निवड चाचणी तेवढी आयुष्यात एकदाच. तिथे एकदा नापास झालात की फ्लाइंगसाठी पुन्हा नाही.

वयाची अट मला आधी फार क्रूर वाटायची. आता वाटतं ती बरीच आहे. नाहीतर 'पुन्हा, पुन्हा' करत आपण किती वर्षं वेटिंग रूममध्ये बसलो असतो कोण जाणे. 2024 चा तो माझा एनडीएचा शेवटचा प्रयत्न होता. वय निघून गेलं.

30 मे 2025 ला खडकवासल्याच्या परेडमध्ये मुलींची पहिली बॅच बाहेर पडली, 17 जणी. ती परेड मी मोबाईलवर बघितली. पुढ्यात गणिताचं पुस्तक उघडं होतं. खोटं कशाला बोलू, आनंद झाला आणि पोटात तुटलंही. तिथे उभं राहायला माझी जागा होती असं मी दोन वर्षं धरून चालले होते. पण त्या दिवशी परेड संपल्यावर मी फोन ठेवला आणि पुढचं गणित सोडवलं. फर्स्ट इयरला मी असं केलं नसतं, दिवसभर रडून काढला असता.

ग्राफिक्सची केटी सुटली. या वर्षी मी डिपार्टमेंटच्या प्रोजेक्ट टीममध्ये आहे, चौघांमध्ये वेल्डिंग माझ्याकडे. मेसच्या मावशींच्या मुलीला रविवारी गणित शिकवते. हे एसएसबीत सांगायला करत नाहीये. मजा येते म्हणून करते. पण उद्या कुणी विचारलं की मधल्या वर्षांत काय केलं, तर पाठ करायची गरज पडणार नाही एवढं नक्की.

परवा त्याच मैत्रिणीने मेसमध्ये पुन्हा विचारलं, "फायनल इयरला पुन्हा फॉर्म भरणार?"

हो, भरणार. एसएससी टेकचा. निवड झाली तर ट्रेनिंग. नाही झाली तर मी एक बऱ्यापैकी इंजिनिअर झालेली असेन, आणि आईचं 'पण कर' एकदाचं पूर्ण झालेलं असेल.

फक्त तेवढी ती डिफॉल्टर लिस्टची ओळ बघा ना, सर.